२००६ ची की २०१७ ची? सेकंडहॅन्ड कॅम्पर व्हॅन घेतोय, सल्ला हवाय

रस्ता_सापडेल

मंडळी, बरेच दिवस नुसत्या जाहिराती चाळत होतो, आता दोन व्हॅनवर येऊन अडकलोय आणि घरात रोज रात्री तीच चर्चा, म्हणून म्हटलं ज्यांनी हे केलंय त्यांनाच विचारावं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून कुठली कंपनी भारी यावर हाणामारी सुरू होते. दोन्ही डिझेल आहेत, दोन्ही उंच छपराच्या पत्र्याच्या व्हॅन आणि आतून कॅम्पर केलेल्या.

पहिली २००६ ची, १,९०,००० किमी झालेली. कॅम्परचं काम २००९ मध्ये एका कन्व्हर्जन करणाऱ्या वर्कशॉपकडून करून घेतलेलं. मालक वयस्कर गृहस्थ, त्यांच्याकडे एवढी जाडजूड फाइल आहे, अगदी वायपर बदलल्याची पावतीसुद्धा लावून ठेवलीये. आतून मात्र जुनाट, चॉकलेटी सनमायका, गॅसवर चालणारा फ्रिज, गॅसचा हीटर. मागच्या चाकाच्या कमानीवर गंज दिसतो आणि सरकत्या दाराखाली एका ठिकाणी पेंट फुगलाय.

दुसरी २०१७ ची, १,१०,००० किमी. आधी कुरिअरवाल्यांकडे होती, मग आत्ताच्या मालकाने घेऊन दोन वर्षांपूर्वी स्वतः कॅम्पर केली. दिसायला एक नंबर, खऱ्या लाकडाचं काम, लिथियम बॅटरी, सोलर, डिझेल हीटर, कॉम्प्रेसर फ्रिज, मागे बाकावर बेल्टवाल्या दोन सीट (मुलगी सात वर्षांची आहे म्हणून ते हवंच). पावत्या फारशा नाहीत, "सगळं यूट्यूब बघून नीट केलंय" म्हणतो. किंमत जुनीच्या जवळजवळ दुप्पट. ही घेतली तर बजेट तिथेच संपतं, जुनी घेतली तर बऱ्यापैकी पैसे हातात राहतात.

वापर म्हणाल तर शनिवार-रविवार, वर्षातून एखादी लांबची ट्रिप, थंडीतही जायचंय. मला सरळ नवी आवडलीये, ११ वर्षांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. बायको म्हणते ती फाइल बघ आणि गप्प जुनी घे. तुम्ही काय केलं असतं?

नटबोल्ट

वहिनींचं ऐका :)

पण फाइल आहे म्हणून डोळे मिटून नाही. १,९०,००० किमी म्हणजे व्हॅनच्या डिझेल इंजिनाला फार नाही, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर तीन लाखांच्या पुढे गेलेल्या गाड्या भरपूर आहेत. जुनी व्हॅन मरते ती गंजाने. इंजिन बदलता येतं गिअरबॉक्स बदलता येतो पण चासी सडली की खेळ खलास. म्हणून आधी ती रॅम्पवर चढवा. जॅक लावायच्या जागा, दाराखालचा बॉक्स (उंबरठ्याखालचा पोकळ पत्रा), मागचे पाटे चासीला जिथे अडकवतात ते ब्रॅकेट, ब्रेकचे लोखंडी पाइप, एवढं तरी बघाच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर आतून गेलेला. कमानीवर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही पुट्टी आहे. आणि खालून सगळीकडे ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका, उलट जास्त ठोकून बघा. कमानीचा गंज दिसायला वाईट असतो पण दुरुस्त होतो. सरकत्या दाराखाली पेंट फुगलाय म्हणताय त्याची मला जास्त काळजी वाटते कारण तिथे पत्रा आतून बाहेर सडत येतो, बाहेर नखाएवढा फोड दिसतो तेव्हा आत हाताएवढं भोक असू शकतं.

आता नवी. कुरिअरची गाडी म्हणजे दिवसभर थांब-चल थांब-चल. मीटरवर किमी कमी दिसतात पण क्लच, स्टार्टर, सरकत्या दाराचे रोलर यांचं काम दुपटीने झालेलं असतं. त्यात डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो, हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग चालली की होतं, गल्लीबोळात होत नाही. आणि काजळी जळली तरी राख आत राहतेच, ती साफ करावी लागते नाहीतर फिल्टर बदलावा लागतो. स्कॅनर लावून फिल्टर किती भरलाय आणि शेवटचं रीजनरेशन (काजळी जाळणं) किती किमी आधी झालं ते बघून घ्या.

टायमिंग बेल्ट आहे की चेन तेही विचारा, दोन्ही गाड्यांना. बेल्ट असेल तर त्याला किमीची पण मर्यादा असते आणि वर्षांची पण, जी आधी येईल ती. २०१७ च्या गाडीत बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा इंजिन थंड पाहिजे. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंडीत नीट स्टार्ट होत नसेल म्हणून तापवून ठेवलंय असं समजा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर जात नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता, काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाहीये.

उगाच_एक

जुनी घ्या. नवी पण जुनी होणारच आहे, थोडी वाट बघा.

गंमत सोडा, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुम्ही ज्या शहरांतून फिरणार तिथे जुन्या डिझेलला बंदी आहे का बघा. जर्मनीत हिरव्या स्टिकरवाल्या झोनमध्ये जायला डिझेल गाडी धुराच्या युरोपियन मानकांप्रमाणे किमान युरो ४ लागते (किंवा फिल्टर बसवलेली युरो ३), लंडनच्या झोनमध्ये रोजचा चार्ज न भरता जायचं तर डिझेल युरो ६ पाहिजे. २००६ म्हणजे बरोबर युरो ३ आणि ४ च्या सांध्यावरचं साल, त्यामुळे सालावर जाऊ नका, रजिस्ट्रेशनच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा. २०१७ ची युरो ६ असणार, म्हणजे बहुतेक ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) पण आलं, ते सेन्सर आणि पंप बिघडले की गाडी काही किमीचं काउंटडाउन देते आणि मग स्टार्टच होत नाही. तुमचं फिरणं डोंगरात आणि समुद्रकाठी असेल तर हे सगळं विसरा.

खिडकीपाशी

मी व्हॅनमध्येच राहते, शनिवार-रविवारवाली नाही, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं आहे. धाग्याचं शीर्षकच मला पटलं नाही. तुम्ही २००६ आणि २०१७ म्हणताय पण ती गाडीची वयं आहेत, तुम्ही झोपणार, स्वयंपाक करणार, गॅस पेटवणार ते घराच्या भागात, आणि त्याचं वय आहे २००९ आणि दोन वर्षं. २००९ चं घर इतके हिवाळे काढून उभं आहे, कुठे गळायचं ते गळून झालंय आणि त्याच्या पावत्या फाइलमध्ये असतील. दोन वर्षांच्या घराने अजून काही सिद्ध केलेलं नाही आणि भिंतीच्या आत काय आहे ते फक्त करणाऱ्याला माहीत.

आणि भिंतीच्या आतच सगळं असतं हो. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं, वर चहा-स्वयंपाकाची वाफ वेगळी, ती वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते. इन्सुलेशन पत्र्याला घट्ट चिकटलेलं नसेल, मध्ये पोकळी असेल, तर तिथे पाणी साठून आतून गंज धरतो आणि वरून सुंदर लाकडी फळ्या असल्यामुळे कुणाला कळतही नाही. शिवाय खिडक्या आणि छपरातला पंखा बसवायला पत्रा कापतात, त्या कापलेल्या कडेला प्रायमर मारला का? हे आता बघता येत नाही, म्हणून त्याच्याकडे काम चालू असतानाचे फोटो मागा. स्वतः व्हॅन करणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहतच नाही, शेकडो असतात, आणि एकही नाही म्हणाला तर मी तिथूनच परत फिरले असते.

वायरिंग: बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे का? वायरी पुरेशा जाड आहेत का, इन्व्हर्टरवर काहीतरी जड चालवून दहा मिनिटांनी वायरला हात लावून बघा, गरम लागली तर बारीक आहे. लिथियम म्हणजे बहुतेक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असणार, ती शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते, तुम्हाला थंडीत जायचंय तर तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) कमी तापमानाला चार्जिंग तोडायची सोय आहे का विचारा. आणि एवढ्या नव्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो मनाला येईल तेव्हा व्होल्टेज खाली आणतो, मग साध्या रिलेने मागची बॅटरी धड चार्ज होत नाही, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. तो आहे का? नसेल तर पावसाळी आठवड्यात सोलरच्या भरवशावर बसाल.

आता जुनीची बाजू घेतेय असं वाटेल म्हणून तिचंही सांगते. गॅसचा फ्रिज गाडी तिरकी उभी असेल तर नीट गार करत नाही, आणि बारा व्होल्टवर इतका करंट खातो की इंजिन चालू असतानाच परवडतो. थंडीत सिलिंडरमध्ये ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास त्याचा गॅसच होत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो, म्हणून हिवाळ्यात प्रोपेन भरून घ्यायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, त्यासाठी गॅसच्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं असतात, बरेच लोक थंडी येते म्हणून ती बुजवतात, ती उघडी आहेत का बघा. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही गाड्यांत हवा आणि त्यालाही एक्स्पायरी असते.

ओल बघायला मीटर मिळतं, टोकं लाकडाला लावायची. १५ टक्क्यांच्या खाली ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायचं. पत्र्याच्या व्हॅनमध्ये भिंतींपेक्षा जमिनीची प्लायवूड, खिडकीखालचे कोपरे आणि कपाटांच्या पाठी इथे लावा. आणि जमलं तर धो धो पाऊस पडून गेल्यावर जा.

हिशेबी

खिडकीपाशी ताईंना अनुमोदन.

पैशाचं थोडं. गाडीची किंमत म्हणजे खर्च संपला असं धरू नका, कुठलीही घेतली तरी किमतीच्या १५-२० टक्के बाजूला काढून ठेवा, पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, बेल्ट, ब्रेक यातलं काहीतरी येतंच. नवी घेऊन बजेट तिथेच संपतं हे तुम्हीच लिहिलंय, मला त्या एका वाक्यातच उत्तर दिसतं. जुनीची किंमत आता फार पडणार नाही, जी पडायची ती पडून झालीये, नीट ठेवलीत तर चार वर्षांनी थोडं कमी करून विकून टाकाल. नवीला अजून पडायला बरीच जागा आहे.

दुसरं, वजन. खरं लाकूड म्हणालात तिथेच कान टवकारले. या व्हॅन बऱ्याचदा एकूण ३५०० किलोच्या असतात, कारण बऱ्याच देशांत साध्या कारच्या लायसन्सवर तेवढंच चालवता येतं. त्या ३५०० मध्ये गाडी, फर्निचर, तुम्ही तिघं, सामान, सायकली सगळं आलं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरी बनवलेल्या व्हॅनचं वजन कुणी केलेलंच नसतं. वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला, दाराजवळच्या प्लेटवर प्रत्येक एक्सलची मर्यादा लिहिलेली असते.

टायरचा कोडही बघा, बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. कॅम्परच्या टायरची नक्षी झिजायच्या आधी रबरच म्हातारं होतं.

मागची_सीट

सगळे इंजिन आणि इन्सुलेशनवर बोलताय, मला एकच विचारायचंय. नवीत मागे बाकावर बेल्टवाल्या सीट आहेत म्हणालात, मालकाने स्वतः बसवलेल्या. ते बेल्ट कशाला बोल्ट केलेत?

कुरिअरची व्हॅन म्हणजे मागे सीटच नव्हत्या. म्हणजे गाडीच्या कंपनीने तिथे बेल्टसाठी मजबूत जागा दिलेली नसण्याची शक्यता जास्त. लाकडी बाकाला किंवा प्लायवूडच्या जमिनीला बोल्ट आणि वॉशर लावून बेल्ट बसवलेले मी बऱ्याच व्हॅनमध्ये बघितलेत. ब्रेक मारला तर धरतील. टक्कर झाली तर बेल्टवर माणसाच्या वजनाच्या वीसपट आणि जास्त जोर येऊ शकतो, मग बाकासकट सगळं पुढे येतं. मुलगी बसणार आहे तिथे. टेस्ट केलेल्या तयार सीट मिळतात, त्या खाली चासीला किंवा जमिनीखाली स्टीलच्या प्लेटा टाकून बसवतात, आणि त्याचं सर्टिफिकेट असतं. ते सर्टिफिकेट मागा. गाडी किती सीटरची म्हणून रजिस्टर आहे तेही कागदावर बघा, तिथे तीन लिहिलं असेल आणि तिन्ही पुढच्या असतील तर मागे बसलेल्याला इन्शुरन्सच्या दृष्टीने काय अर्थ आहे ते कंपनीला विचारा.

२००६ च्या गाडीत मागे सीट आहे का हे तुम्ही लिहिलंच नाही.

रस्ता_सापडेल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. परत दोन्ही बघून आलो, यावेळी बायको पण होती आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला घेऊन गेलो.

मागच्या सीटचं आधी. नवीत बेल्ट जमिनीच्या प्लायवूडमधून खाली काढून मोठे वॉशर लावलेत. मालक म्हणाला "अहो हलत पण नाही बघा" आणि जोरात ओढून दाखवलं. सर्टिफिकेट नाही, कागदावर तीन सीट, तिन्ही पुढच्या. जुनीत मागे दोन सीट आहेत, वर्कशॉपने बसवलेल्या, कागदावर पाच लिहिलंय, सर्टिफिकेट फाइलमध्ये निघालं.

बाकी नवीचे फोटो भरपूर दाखवले त्याने, इन्सुलेशन खरंच छान भरलंय, खिडक्यांच्या कडेला प्रायमर पण दिसतो, म्हणजे माणूस लबाड नाही. डीसी-डीसी चार्जर आहे. वजन कधी केलेलं नाही. टायमिंग बेल्टचं त्याला माहीतच नव्हतं. मला गाडी अजूनही आवडते हे खोटं कशाला बोलू, सीट बदलून घेतली तर?

जुनीत ओल कुठे १४ च्या वर गेली नाही. पण नटबोल्ट म्हणाले तसंच निघालं, दाराखालच्या बॉक्समध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पाट्यांचे ब्रॅकेट आणि चासी शाबूत आहेत. मालक स्वतःच म्हणाले की दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करतो.

मागची_सीट

सीट बदलता येते, पण त्यासाठी जमीन उखडावी लागेल, आणि जमिनीवर त्याचं सगळं फर्निचर उभं आहे, पाण्याची टाकी, पाइप नेमके प्लेटा बसवायच्या जागी निघाले तर तेही हलवा. म्हणजे ज्या सुंदर कामासाठी दुप्पट पैसे देताय त्यातलं अर्धं काढायचं. शिवाय नंतर पासिंग करून कागदावर सीट वाढवायच्या. तो हे सगळं करून, कागद हातात ठेवून मग विकत असेल तर गोष्ट वेगळी.

उगाच_एक

किंवा मुलगी मोठी होऊन स्वतःची व्हॅन घेईपर्यंत थांबा.

तिसरा पर्याय, दोन्ही सोडा आणि २०११-१२ ची बघा? काही मॉडेलची बॉडी वर्षानुवर्षं तीच असते, फियाटच्या डुकाटो व्हॅनचीच २००६ ला आलेली बॉडी २०१४ च्या फेसलिफ्टनंतरही मुळात तीच आहे, त्यामुळे मधल्या सालाची घेतली तरी सुटे भाग मिळायला त्रास नाही.

खिडकीपाशी

तिसरी शोधायला लागले की चौथी दिसते :) चासी शाबूत, कोरडं घर, कागदावर मागच्या सीट आणि स्वतःहून किंमत कमी करणारा मालक हे चारही एकत्र सहसा मिळत नाही. चॉकलेटी सनमायका रंगवता येतो, आधी घासून प्राइमर मारायचा. फ्रिज वर्षभर वापरून बघा, नाहीच जमला तर त्याच जागी कॉम्प्रेसरवाला बसवा, पण मग बॅटरी आणि सोलर वाढवावं लागेल. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, १०० ॲम्पिअर-अवरची असेल तर ५० धरा, कॉम्प्रेसर फ्रिज गरमीच्या दिवसात ती एका दिवसात संपवू शकतो.

नटबोल्ट

चासी शाबूत आहे ना, मग घ्या. बॉक्सचं वेल्डिंग करायला देताना एवढं बघा: सडलेला पत्रा पूर्ण कापून नवीन तुकडा घालायचा, वरून पट्टी मारून झाकायचं नाही, झाकलं तर दोन वर्षांत परत तिथेच. वेल्डिंगच्या जागेमागचं आतलं इन्सुलेशन आणि लाकूड आधी काढायला लावा, आग लागते. गॅसचे सिलिंडर आणि दोन्ही बॅटरी गाडीतून बाहेर. काम झाल्यावर बॉक्सच्या आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारून घ्या आणि तळाची पाणी निचरा होणारी भोकं मोकळी आहेत का बघा, बहुतेक ती बुजल्यामुळेच सडलं असणार. दुसऱ्या बाजूचा बॉक्सही तपासा, एक सडला की दुसरा फार मागे नसतो. आणि खर्चाचा अंदाज दोन गॅरेजमधून घेऊन मगच किंमत ठरवा, आधी नाही.

हिशेबी

टायरचं राहिलं. कोड बघितलात का?

रस्ता_सापडेल

जुनीचे पुढचे २०१९ चे आहेत, मागचे दोन्ही २०१२ चे, नक्षी मात्र अगदी नव्यासारखी. दुसऱ्या बाजूचा बॉक्स ठोकला, आवाज ठीक वाटला पण गॅरेजवाला म्हणतो भोकातून कॅमेरा घालून बघू, शनिवारी परत नेतोय. वजनकाटाही तेव्हाच करतो.

हिशेबी

२०१२ चे दोन्ही बदला, किमतीत धरायला सांगा. स्टेपनीचा पण कोड बघा, ती कुणी बघत नाही.